गाद्यांखालची फरशी

प्रिय ठिणगी,

सर्वांत आधी माझी एक गंभीर तक्रार ऐकून घे, मग बाकीचं. माझ्या गादीला डोक्याच्या तेलाचा डाग पडला आहे. चांगला बशीएवढा. निळा अभ्रा मी स्वतः शिवलेला, कडेला दुहेरी टीप, कोपऱ्यात आपल्या आजीने भरलेलं पान जुन्या अभ्र्यावरून अलगद उचलून लावलेलं, आणि या सगळ्याच्या बरोब्बर मधोमध हा डाग. साबण लावून झाला, पीठ चोळून झालं, शेवटी उन्हात टाकली. पण यंदाचं ऊन असं की डाग तेवढा शिल्लक राहिला आणि भोवतालचा रंग उडाला. गुन्हेगार कोण, तेही ठाऊक आहे. प्रार्थनाघराचे किल्लीवाले काका. हो, तेच. आपले विश्वस्तमंडळाचे अध्यक्ष, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावूनच जन्माला आलेले, लहानपणी दुसऱ्याच्या गादीवर नुसता पाय पडला तरी आपला कान उपटणारे. त्यांनी माझी गादी डोक्याखाली घेतली आणि प्रार्थनाघराच्या ऐन मध्यावर, फरशीवर उताणे, तोंड उघडं टाकून घोरत पडले. आणि मी, तुझी ही फाटक्या तोंडाची ताई, शेजारी उभी राहून त्यांना वारा घालत होते. काकांचं डोकं माझ्या गादीवर काय करत होतं, हे सांगायलाच हे पत्र लिहिते आहे. निदान सध्या तरी तसंच समज.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर ‘आई’ हा शब्द आला की तुझी रेंज जाते, हे मी दोन वर्षं बघते आहे. कागदाला रेंज लागत नाही. आईचंही तेच. दोन वर्षं तिने तुझं नाव घेतलं नाही, ‘ती’ म्हणायची. ‘तिचं पार्सल आलंय’, ‘तिला सर्दी झालीय म्हणे’. तुम्ही दोघी एका साच्यातून काढलेल्या, आणि मध्ये मी, दोन भिंतींमधल्या खिडकीसारखी. इकडूनही धूळ, तिकडूनही धूळ. हे असंच चालायचं, तू काही या गावाचा उंबरठा पुन्हा ओलांडायची नाहीस, असं मी धरून चालले होते. पण यंदाच्या उन्हाळ्याने माझे बरेच अंदाज चुकवले. वय झालं की माणसाला आपण बरोबर ठरल्याचा आनंद होतो म्हणतात. मला चूक ठरल्याचा इतका आनंद झाला आहे की कोणाला सांगू आणि कोणाला नको.

गाद्यांचं प्रकरण तुला नव्याने सांगायला नको. तरी दोन वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला आपण किती वेडे होतो याची उजळणी झालेली बरी. प्रत्येक घराची गादी वेगळी, तिची जागा ठरलेली, आईकडून लेकीकडे आणि बापाकडून लेकाकडे उतरत आलेली. माणूस प्रार्थनेला आला नाही तरी गादी तिथेच. दुसऱ्याने तिच्यावर टेकायचं नाही. आधी खाली तरट, तरटावर सतरंजी, सतरंजीवर गालिचा, गालिच्यावर गादी. आणि दर वर्षी शेजाऱ्याच्या गादीपेक्षा आपली बोटभर उंच. हे सगळं शिवून देणारी मी, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय नाही, पोट त्यावरच चालतं. पण कोणाच्या गादीत काय भरलंय हे गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. काकांच्या गादीत काथ्या, वर कापूस, त्यावर पुन्हा कापूस. आणि आपल्या उपदेशकबुवांच्या गादीत चक्क पिसं. त्यागावर बोलायचं तर बूड मऊ लागतं. इकडे माणसं मात्र दर वर्षी कमी होत होती. तरुण पोरं शहरात गेली, म्हातारे वर गेले. अलीकडे प्रार्थनेला उभं राहिलं की माणसांपेक्षा गाद्याच जास्त दिसायच्या. मला कधी कधी वाटे, देव जर वरून बघत असेल तर त्याला आपण दुकानच वाटत असणार.

आणि त्या दुकानात तू उभी राहिलीस. तुझं ते भाषण मला अजून पाठ आहे, कारण त्यानंतर घरात सहा महिने दुसरा विषय नव्हता. इंजिनिअर होऊन आलेली, हातात नकाशा नाही की कागद नाही, नुसती कमरेवर हात ठेवून म्हणालीस, उन्हाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत आणि पुढे आणखी वाईट होणार. मागच्या गल्ल्यांमधली पत्र्याची घरं दुपारी भट्टी होतात. गावात या प्रार्थनाघराएवढ्या जाड भिंती कोणाच्या नाहीत. खिळे ठोकून बंद केलेले वरचे झरोके उघडा, छताला पांढरा रंग द्या, आणि उन्हाळ्यात दुपारी हे दार सगळ्यांसाठी उघडं ठेवा. झरोके कबुतरांसाठी बंद केलेत, असं काका म्हणाले. तर तू म्हणालीस, कबुतरं तरी आली असती इथे. त्यावर मी हसले, हे माझं चुकलंच. मग तू म्हणालीस, आपले इस्त्रीवाले आजोबा त्या पत्र्याखाली पेटती इस्त्री घेऊन दिवसभर उभे असतात, एखाद्या उन्हाळ्यात ते जातील आणि आपण इथे त्यांच्यासाठी प्रार्थना करू. आणि तेव्हा आई उठली. आपलीच आई. म्हणाली, ही जागा प्रार्थनेसाठी आहे, झोपा काढण्यासाठी नाही. आणि माझ्या घरात वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागतं याची मला लाज वाटते. तुझ्या बाजूने दोनच हात वर झाले, तुझा आणि माझा, आणि माझाही आईने खाली ओढला. तू तुझी गादी उचललीस, आईच्या पायाशी ठेवलीस, म्हणालीस, मग ही पण सांभाळा. आणि तरातरा निघालीस.

बसपर्यंत तुला सोडायला मीच आले होते. तू रडत नव्हतीस, नुसती फणफणत होतीस. त्या बसच्या इंजिनापेक्षा जास्त. तुला हसवावं म्हणून मी पैज लावली. म्हटलं, ज्या दिवशी ही मंडळी मागच्या गल्लीला दार उघडतील, त्या दिवसानंतरच्या प्रार्थनेला मी पहिल्या रांगेत उभी राहून सगळी कडवी मोठ्याने गाईन. मी! जिला लहानपणी गाणं शिकवणाऱ्या बाईंनी बाजूला घेऊन, बाळ, तू नुसते ओठ हलव, असं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून जिने इमानेइतबारे नुसते ओठच हलवले. तू खिडकीतून डोकं काढून म्हणालीस, लक्षात ठेव हं ताई. मी म्हटलं, ठेवते की. मनात म्हटलं, या जन्मी घसा सुरक्षित आहे.

गेल्या उन्हाळ्यात इस्त्रीवाले आजोबा गेले. तुला मी तेव्हा दोनच ओळी लिहिल्या होत्या, बाकीचं लिहायचा धीर झाला नाही. दुपारी इस्त्री बाजूला ठेवून जरा टेकतो म्हणाले, ते टेकलेच. आई त्यांच्याकडे जाऊन आली. आल्यावर न जेवता त्यांनी इस्त्री केलेल्या तिच्या साड्या कपाटातून काढल्या आणि घड्या तशाच ठेवून नुसती हात फिरवत बसली. मी काही बोलले नाही. ठिणगी, माझ्यासारखी बाई जेव्हा बोलत नाही तेव्हा समजावं, बोलण्यासारखं घरात भरपूर आहे. त्यानंतर आईने एक गोष्ट सुरू केली, ती मी तुला आजवर सांगितली नव्हती. पुढे सांगते.

आता यंदाचं ऐक. ऊन असं की पक्षी झाडावरून खाली येऊन बसले. वीज आली तर पाहुण्यासारखी, चहा घेऊन लगेच निघालेली. मग तीही यायची बंद झाली. तुझ्या भावजींच्या दुकानात दुरुस्तीला आलेले पंखे छतापर्यंत रचलेले, आणि त्यांना चालू करून बघायला वीज नाही. आमचे उपदेशकबुवा एका थंड हवेच्या ठिकाणी गेले होते, देहसुखाच्या क्षणभंगुरतेवर व्याख्यानमाला द्यायला. त्यामुळे दुपारची प्रार्थना आई सांगत होती. तुला तर माहीत आहे, प्रार्थनेच्या बाबतीत आई म्हणजे फौजदार. एक अक्षर गाळायचं नाही, एक काना खायचा नाही. कोणी मध्ये खोकलं तर कडवं पहिल्यापासून.

मागच्या गल्लीतली माणसं त्या दिवसांत आपल्या भिंतीच्या सावलीला येऊन बसत. सावली सरकली की तीही सरकत. आत बसून आम्हांला त्यांचं सरकणं ऐकू यायचं, डब्यांचा आवाज, एखाद्या पोराला दिलेली शिवी. पण भर दुपारी भिंतीची सावली ती केवढी? हातभर पट्टी. सगळी भिंतीला पाठ चिकटवून उभी, आणि पावलं उन्हात. त्यांत कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काम करणारी एक पोरगी, कडेवर तान्हं बाळ. ते बाळ सारखं रडत होतं. आत आई प्रार्थना सांगत होती आणि काका दर ओळीला कपाळाला आठी घालून दाराकडे बघत होते. आणि मग बाळ रडायचं थांबलं.

नेमकी तीच ओळ आली होती, आपण दुधाचे दात पडायच्या आधीपासून म्हणतो ती: ‘सावलीत घे सर्वांना, उन्हात न राहो कोणी.’ आईने ‘सावलीत घे’ म्हटलं आणि ती थांबली. पुन्हा सुरू केली. पुन्हा ‘सावलीत घे’पाशी थांबली. आम्हांला वाटलं विसरली. आई, आणि विसरली! काकांनी हळूच पुढचा शब्द सुचवला, ‘सर्वांना’. तर आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, तो शब्द मला येतो, पण तो म्हणता येत नाही, दार बंद आहे. काका म्हणाले, वहिनी, नियम आहे. आई म्हणाली, मग सभा बोलवा आणि ‘सर्वांना’ हा शब्द गाळल्याचा ठराव करा. मी आजवर एक अक्षर गाळलेलं नाही आणि ठरावाशिवाय आजही गाळणार नाही. तोवर ही प्रार्थना पुढे जात नाही. आणि उभी राहिली, हात जोडून, तोंड मिटून. सगळं प्रार्थनाघर त्या एका शब्दाच्या अलीकडे अडकून पडलं. इतक्या वर्षांत त्या ओळीला काही अर्थ आहे हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्हांला वाटे, ती चाल आहे.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, मी नुसते ओठ हलवते. शेवटी ते उठले आणि त्यांनी किल्ली लावली. ते दार उघडताना असं कुरकुरलं की त्यालाही हे मान्य नसावं. आई सगळ्यांच्या आधी बाहेर गेली आणि त्या पोरीला दंडाला धरून आत घेऊन आली. बाळाचं अंग तव्यासारखं, डोळे अर्धवट मिटलेले. पाणी, ओला पदर, वारा, जे जे सुचेल ते. दवाखान्यातली नर्स धावत येऊन गेली. ते बाळ पुन्हा रडू लागलं ना, तेव्हा त्या घुमटाखाली त्याचा जो आवाज घुमला, तसं गाणं आपल्या प्रार्थनाघरात मी कधी ऐकलं नव्हतं. मग आई जागेवर गेली, पदर सारखा केला आणि तिथून पुढे प्रार्थना पुरी केली. ‘सर्वांना’ मोठ्याने. काना न खाता.

तू म्हणशील, वा, विजय झाला. थांब. आपली माणसं इतक्या सहजासहजी चांगली होत नाहीत. काकांनी दार उघडलं खरं, पण अट घातली. ही सगळी माणसं आता आमच्या गाद्यांवर बसणार, घाम, धूळ, लहान मुलं. तेव्हा आधी गाद्या सुरक्षित ठिकाणी हलवा. आणि बघता बघता आपल्या मंडळींनी गाद्या उचलल्या, गालिचा गुंडाळला, सतरंजी गुंडाळली, तरटसुद्धा सोडलं नाही, आणि सगळं जिना चढवून वरच्या माळ्याच्या खोलीत नेऊन कुलूप ठोकलं. इतक्या झपाट्याने काम करताना मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. आलेल्या माणसांना उरली काय, तर उघडी दगडी फरशी. मला इतकी शरम वाटली की मी तोंड फिरवून उभी राहिले.

आणि लाँड्रीतल्या त्या पोरीने फरशीवर पाय ठेवला आणि म्हणाली, अगंबाई, थंड आहे की!

ठिणगी, फरशीच्या खाली टाकं आहे. आपल्या पणज्यांनी छताचं पाणी साठवायला बांधलेलं, वर जाड दगड. तो दगड पिढ्यान् पिढ्या गार पडून आमची वाट बघत होता, आणि आम्ही त्याच्यावर तरट, तरटावर सतरंजी, गालिचा, काथ्या, कापूस आणि बुवांची पिसं रचून वर बसून म्हणत होतो, काय बाई उकाडा! तूसुद्धा भिंतींचं बोललीस, झरोक्यांचं बोललीस. फरशी तुलाही दिसली नव्हती, कारण ती कोणालाच कधी दिसली नव्हती. ती दिसली आमच्या कंजूषपणामुळे. आमचं मन मोठं असतं, आम्ही त्यांना गाद्यांवर बसवलं असतं, तर सगळेच मिळून उकडलो असतो. बाहेरची माणसं फरशीवर आडवी होऊन सुस्कारे टाकू लागली आणि आपली प्रतिष्ठित मंडळी भिंतीकडेला उभी राहून त्यांच्याकडे हेव्याने बघू लागली. सगळ्यांत आधी बेकरीवाल्याच्या बायकोचा धीर सुटला. मी जरा पाठ टेकते, असं कोणाला तरी सांगून ती आडवी झाली. मग एकेक करत सगळी. आई मात्र बसूनच.

काका तेवढे आले नाहीत. ते माळ्यावर होते, गाद्यांवर पहारा देत. तापलेल्या छताच्या बरोब्बर खाली, कुलूपबंद खोलीबाहेर, अख्ख्या गावाच्या कापसाच्या संगतीत. दुपार कलली तरी खाली येईनात म्हणून तुझे भावजी वर गेले, तर काका दाराशी भिंतीला टेकलेले, चेहरा लालबुंद, बडबड चाललेली, जुडगा घट्ट मुठीत. लाँड्रीतल्या चार जणांनी ओल्या चादरीची झोळी केली आणि त्यांना खाली आणलं. फरशीवर ठेवलं, पाणी शिंपडलं. घटकाभराने डोळे उघडले, फरशीवर तळहात टेकवून पाहिला, आणि अध्यक्षांचे पहिले शब्द काय होते माहीत आहे? डोक्याखाली काहीतरी द्या रे. मी त्यांच्या मुठीतून जुडगा सोडवला, वर गेले, खोली उघडली. हाताला जी पहिली लागली ती गादी घेऊन आले. नशीब बघ, ती माझीच निघाली. डागाचा इतिहास हा असा आहे.

त्यानंतर काकांच्याच हुकुमाने सगळ्या गाद्या खाली आल्या, पण डोक्याखाली घ्यायला. कोणाची कोणाच्या डोक्याखाली गेली याचा आता देवालाही पत्ता नाही. लाँड्रीवाल्यांनी ओल्या चादरी आणून खिडक्यांना टांगल्या. त्या होत्या स्टेशनजवळच्या त्या बदनाम लॉजच्या, काठावर मोठ्या लाल अक्षरांत नाव छापलेलं. त्यामुळे संबंध उन्हाळा आपलं पवित्र प्रार्थनाघर रस्त्यावरून लॉजसारखं दिसत होतं, आणि खरं सांगू, पहिल्यांदाच ते भरलेलंही होतं. तुझे भावजी शिडी लावून झरोक्यांचे खिळे काढायला चढले. दुसऱ्या दिवशी शिडी धरायला कोण, तर काका. गरम हवा वरून निघून जाऊ लागली आणि कबुतरंही आली, तू म्हणाली होतीस तशी. बुवा व्याख्यानमाला संपवून परतले तेव्हा त्यांना आपल्या आसनापर्यंत पोचायला माणसांच्या पायांवरून उड्या माराव्या लागल्या. मी टोमणा तयार ठेवला होता, चांगला धार लावून. पण बुवांनी एकदा सगळीकडे बघितलं, अंगावरचा झगा काढून खुंटीला लावला आणि बादली उचलून पाणी आणायला गेले. रोज गेले. माझा तो टोमणा अजून पडूनच आहे. पुन्हा कधी उपयोगी पडेल.

आता ऊन उतरलं आहे. मागच्या गल्लीतून या उन्हाळ्यात एकही माणूस उन्हाने गेलं नाही. एकही नाही, ठिणगी. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणते. छताला पांढरा रंग लागला, टाकं उपसून साफ झालं. गालिच्याचे पडदे मीच शिवले, म्हणजे माझा धंदा अगदीच बुडाला असं नाही, नुसता आडवा होता तो उभा झाला. आणि गंमत म्हणजे माणसं ऊन उतरल्यावरही येतात. सगळी प्रार्थनेला येतात असं नाही, कोणी त्यांना या म्हणत नाही आणि जा म्हणत नाही. कोणी पोराचा अभ्यास घेतं, कोणी नुसतं टेकतं. पण प्रार्थना सुरू झाली की आता ती भिंतीवरून परत येत नाही, माणसांत मुरते. दाराचं कुलूप काढून टाकलं. काकांना फार सुनंसुनं वाटू नये म्हणून चहाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे दिली आहे. तीही ते कमरेला लावतात.

मघाशी म्हटलं होतं, एक गोष्ट सांगायची राहिली. इस्त्रीवाले आजोबा गेल्यानंतर आईने तुझी गादी कपाटातून बाहेर काढली. दर आठवड्याला झटकायची, प्रार्थनाघरात न्यायची, आपल्या शेजारी मांडायची आणि परत घरी आणायची. कोणी काही विचारलं तर म्हणायची, कसर लागते, वारा लागायला हवा. त्या दुपारी सगळ्यांनी गाद्या माळ्यावर नेल्या तेव्हा तिने स्वतःची दिली, तुझी दिली नाही. छातीशी धरून बसली होती. आणि ते तान्हं बाळ जेव्हा शांत झालं, तेव्हा तिने ती फरशीवर पसरली आणि त्याला तिच्यावर निजवलं. ते अजून तिच्यावरच निजतं. एक कोपरा चावून चावून त्याने चोथा केला आहे. मी म्हटलं, दे, शिवून देते. तर आई म्हणाली, राहू दे, तिला आवडेल.

तर आता खरं कारण. वार्षिक सभा जवळ आली आहे, आणि आईला तिचं ते वाक्य परत घ्यायचं आहे, झोपांचं आणि लाजेचं, दोन्ही. बुवा म्हणाले, लिहून द्या, मी वाचतो. आई म्हणाली, जिच्या तोंडावर बोलले तिच्या तोंडावरच परत घेईन. ती समोर नसली तर ते परत घेणं नव्हे, पळवाट. आणि मग माझ्याकडे न बघता, शेंगा सोलता सोलता, तिने तुझं नाव घेतलं. ‘ती’ नाही, ‘ठिणगी’ पण नाही. शाळेच्या दाखल्यावरचं, पूर्ण. म्हणाली, तिला लिही. मी लिहिलं. आता तू कमरेवर हात ठेवून यायचं तर तशी ये, पण ये. आणि राहता राहिली आपली पैज. उन्हाळाभर मी ती टाळली, घसा बसलाय, खोकला आहे, काय काय म्हणून. काल मात्र लवकर गेले, पहिल्या रांगेत उभी राहिले आणि सगळी कडवी मोठ्याने म्हटली. बेसूर, पण एक अक्षर गाळलं नाही, आईला विचार. कोणी हसलं नाही, बाळ उठलं नाही. मग खाली बसले, गादीशिवाय. फरशी थंड होती.

तुझीच,
आता तुझं काही देणं न राहिलेली,
ताई